गोदाम आणि गोदाम:9100

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरींच्या कारखान्याचे तीन सर्व्हर सांभाळणे, हे माझे पोटापाण्याचे काम. डिस्क भरत आली की फोनवर इशारा यावा, एवढ्यासाठी मी प्रोमेथियस हे सर्व्हरवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले. मोकळी जागा किती, हे एक मेट्रिक, म्हणजे मोजलेला आकडा, सांगते आणि किमान किती हवी, हे माझ्या स्क्रिप्टमधून येणारे दुसरे. पहिले दुसऱ्याहून कमी झाले की इशारा. पडद्यावरची इशाऱ्यांची पाटी दोन महिने हिरवी राहिली आणि मी दोन महिने गाढ झोपलो.

मग ऐन एप्रिलातल्या एका रणरणत्या दुपारी बिलिंग बंद पडले. डिस्क काठोकाठ भरली होती. पाटी मात्र हिरवीगार.

प्रोमेथियस दोन मेट्रिक एकमेकांशी भिडवताना, वेगळे काही सांगितले नसेल तर, दोन्हींकडची सगळी लेबले, म्हणजे आकडा कुणाचा हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या, अक्षर न् अक्षर जुळवतो. कोणता सर्व्हर, हे सांगणाऱ्या त्याच्या स्वतःच्या इन्स्टन्स लेबलात नावापुढे पोर्टचा, म्हणजे जोडणीच्या दाराचा, क्रमांकही येतो, म्हणून 'गोदाम' नावाच्या सर्व्हरसाठी तिथे 'गोदाम:9100' होते; मी हाताने नुसते 'गोदाम' लिहिले होते. जुळले नाही, तर तो तक्रार करत नाही. रिकामे उत्तर देतो, आणि रिकाम्या उत्तरावर इशारा वाजत नाही. आमच्या दिवाणजींच्या वहीत आणि गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीत एवढा फरक पडला असता, तर त्यांनी चष्मा कपाळावर सारून भर गोदामात माझी हजेरी घेतली असती.

मी स्क्रिप्टमध्ये पोर्ट घातला. तरीही रिकामेच, कारण मोकळ्या जागेला माउंटपॉइंट (डिस्कचा भाग जिथे जोडला ती जागा), डिव्हाइस अशी आणखी लेबले चिकटलेली. 'ऑन' लिहून फक्त इन्स्टन्सवर जुळवायला सांगितले, तेव्हा कुठे तो बोलला: एका बाजूला अनेक आहेत, तसे स्पष्ट लिहा. मी घाईने 'ग्रुप राइट' लिहिले. तो पुन्हा रागावला. एकेका सर्व्हरचे अनेक माउंटपॉइंट तुलनेच्या डावीकडे, मोकळ्या जागेच्या बाजूला होते, म्हणून 'ग्रुप लेफ्ट' हवे होते; हे कळेपर्यंत चहाचे चार कप झाले.

संध्याकाळी ही तुलनेची क्वेरी चालली आणि एकदम अकरा इशारे आले. त्यांतले आठ स्क्वॅशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या फाइल-व्यवस्थेचे, म्हणजे जन्मापासून शंभर टक्के भरलेल्या आणि तशाच राहणाऱ्या माउंटांचे. मालकांच्याही फोनवर ते गेले होते. त्यांचा फोन आला.

"अहो, दोन महिने सगळे व्यवस्थित होते. आज तुम्ही कशाला हात लावलात?"