पाणसळीतला बुडबुडा

सातारा जिल्ह्यात सपाट जागा भरपूर आहे, फक्त तिथं आम्हाला, म्हणजे गाडीतच घर केलेल्या नवरा-बायकोला, राहू देत नाहीत. पश्चिमेकडच्या डोंगरांच्या माथ्यांवर जांभ्या दगडाचा थर बसलाय, त्यामुळं ते माथे असे सपाट राहिलेत की आमच्या तोंडाला पाणी सुटतं. कासचं पठार घ्या. 2012 साली ते पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत तिथं माणसानं पाय कुठं ठेवायचा याचेही नियम आहेत, मग आमची चाकं कोण ठेवू देणार? पाचगणीचं टेबललँड घ्या. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील ठरलेला. घोड्यावर बसून फिरा, फोटो काढा आणि खाली उतरा. राहिलं चाळकेवाडीकडचं पठार. तिथं पवनचक्क्या आहेत, आणि त्या शोभेला उभ्या केलेल्या नाहीत. त्या पठाराच्या कडेला आम्ही एक रात्र काढली, तर वाऱ्यानं गाडी अशी हलत राहिली की मध्यरात्री ही झोपेतच म्हणाली, "अहो, घाट संपला की उठवा."

फ्लॅट भाड्यानं देऊन आम्ही दोघं कायमचे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहायला आलो. आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास, न्हाणी, आणि छपरावर सोलरच्या पाट्या. नातेवाईक म्हणतात, "मजा आहे बाबा तुमची, रोज नवा डोंगर!" डोंगर आहे हो. तीच तर अडचण आहे.

गाडीतल्या घराला आधी सपाटी लागते. घर बांधताना गवंडी पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, एकदा लावतो आणि विसरतो. आम्ही मुक्कामागणिक लावतो. ही आत ओट्यावर पाणसळ ठेवून बसते, मी स्टिअरिंगवर. चाकाखाली घालायला जांभ्याचे दोन चिरे आणि फळ्या कायम सोबत असतात. आता पाणसळीतला बुडबुडा जातो उंच बाजूला, म्हणजे चिरा घालायचा दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली. हे एवढंसं शास्त्र, पण मैदानात जमलेल्या प्रत्येक माणसाचं त्यावर वेगळं मत असतं. एक जण "येऊ द्या, येऊ द्या" करत मागं नेतो, दुसरा त्याच वेळी "म्होरं घ्या काका" म्हणतो. आतून हिचा आवाज येतो, "माझ्याकडं आला!" मी विचारतो, "तू कुठल्या बाजूला बसलीयेस?" यानंतर काही काळ बुडबुड्याचा विषय बाजूला पडतो.

बरं, कलली गाडी तर काय बिघडतं? न्हाणीचं भोक एका कोपऱ्यात आणि पाणी दुसऱ्या कोपऱ्यात, मग अंघोळ झाल्यावर वायपरनं पाण्याला वाट दाखवत बसायचं. डोसा तव्याच्या एका कडेला जाऊन जाड होतो आणि दुसऱ्या कडेला त्याचा पापड होतो. टाकीचा काटा रात्री अर्धी टाकी दाखवतो आणि सकाळी तोंडाला साबण लावला की खरं बोलतो. झोपायचं तर डोकं उंच बाजूला हवं, नाहीतर रात्रभर रक्त मेंदूत. पण उंच बाजू उत्तरेला आली तर हिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्याच आईनं, घालून दिलेला नियम आडवा येतो: उत्तरेकडं डोकं करून झोपायचं नाही. मग रात्री साडेदहाला, टॉर्चच्या उजेडात, शास्त्रासाठी गाडी वळवायची. शेजारच्या तंबूतली पोरं स्पीकर बंद करून बघत बसतात. त्यांचा स्पीकर बंद पाडण्याचा हा एकच उपाय मला आजवर सापडलाय.

संडासाचं वेगळं सांगतो. आमच्या गाडीत खाली पेटीवाला संडास आहे. ती पेटी भरली की बाहेरून ओढून काढायची आणि कॅम्पच्या संडासात रिकामी करायची. बनवणाऱ्यानं सोय म्हणून तिला दोन चाकं आणि ओढायला दांडी दिलीय. त्यामुळं पहाटे मी ती घेऊन निघालो की लांबून थेट प्रवासाची बॅग वाटते. बामणोलीत एक आजी शेळ्या सोडायला आल्या होत्या. मला बॅग ओढत एकटाच जाताना पाहून थांबल्या. म्हणाल्या, "भांडान झालं व्हय? आसं सोडून जाऊ न्हाई बाबा. बायकू चांगली हाय तुझी." मी म्हटलं, "आजी, परत येतोय." त्या म्हणाल्या, "समदी आसंच म्हंत्यात." आणि शेळ्या तिथंच सोडून ओट्यापर्यंत हिची समजूत घालायला गेल्या.

वाईत तर वेगळाच त्रास. मेणवलीच्या घाटावर सिनेमाची शूटिंगं होतात, त्यामुळं तिथं आमची गाडी म्हणजे व्हॅनिटी. "हिरॉइन कोण हाय आत?" या प्रश्नावर हिनं एकदा खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यानंतर पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि त्यावर मीही काही बोललो नाही.

राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच झालं. पण धोरण कागदावर असतं, आणि कागद सपाट असतो.

आता बामणोलीचं. समोरचा शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं अडलेलं पाणी. त्याचा काठ ही अर्ध्यावर बुडालेल्या डोंगराचीच बाजू. तिथं सपाटी येणार कुठून? आम्ही दोन्ही चिरे, सगळ्या फळ्या आणि हिची खलबत्त्याची पिशवी चाकाखाली घालून बघितली, तरी बुडबुडा काचेच्या टोकाला चिकटलेला. तंबूवाल्या मालकाला आमची दया आली. "काका, कशाला एवढी कसरत? माझा जेसीबी रिकामाच हाय." दुपारी जेसीबी आला, उतार खरवडला, मुरूम टाकला. संध्याकाळी आम्ही गाडी लावली आणि ही आतून ओरडली, "अहो, मध्ये!" आम्ही चहा केला. कपात चहा दोन्ही कडांना सारखा होता. मालक, जेसीबीवाला आणि आजी अशा तिघांना आत बोलावून ओट्यावरची पाणसळ दाखवली. आजींनी त्या बुडबुड्याला हळदकुंकू लावायचंच तेवढं बाकी ठेवलं.

रात्री वळवाचा पाऊस आला. डोंगरावरचं पाणी आजवर आमच्याखालून पळत शिवसागराला जायचं. आता वाटेत त्याला सपाट, नवी, मुरुमाची जागा मिळाली, आणि ते तिथंच मुक्कामाला थांबलं. पहाटे दार उघडलं तर पायरी पाण्यात. चारही चाकं मुरुमात रुतलेली, पण अगदी सारखी. ही पाणसळ बघून आली. "मध्येच आहे अजून," म्हणाली.

मालक छत्री घेऊन ट्रॅक्टरवर आला. दोर बांधता बांधता म्हणाला, "सपाटीला पानी थांबणारच की काका. म्हणून तर आमी उतार ठिवला हुता."

"मग काल बोलला का नाहीस?"

"काकू एवढ्या खूश हुत्या, म्हटलं कशाला." मग दोर एकदा ओढून बघत म्हणाला, "ट्रॅक्टरचं आठशे हुतील. जेसीबीचं तुमी समजून द्या."