पाच मिनिटांचं चालणं आणि ‘लाड’

फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, असलेल्यांनी व्यायाम कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "पाच मिनिटं चालणं हा व्यायाम नव्हे, हे रुग्णांचे लाड आहेत. घाम गाळल्याशिवाय अंग मोकळं होत नाही." शिवाय लेख लांबला, आकृत्या नाहीत. आकृत्या हव्या होत्या, मान्य. लांबीवर वाद घालत नाही.

पण ‘लाड’? फायब्रोमायल्जिया झालेली बाई घरी रोज हेच ऐकते, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत की!" तेच तिला इथेही ऐकवायची काय गरज होती? रिपोर्ट नॉर्मल येतात, कारण मेंदू आणि मज्जारज्जू साधा ताणसुद्धा वाढवून दुखणं म्हणून पोचवतात. ते एक्स-रेत दिसणार कसं? आणि व्यायाम नको असं मी म्हटलेलंच नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या सुधारित शिफारशींत ठाम पाठिंबा दिला तो एकट्या व्यायामालाच.

प्रश्न मात्रेचा आहे. वाईट दिवशीही दुखणं न वाढता दहा मिनिटं चालता येत असेल, तर सुरुवात पाचपासून. आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. वाढलेलं दुखणं दोन दिवसांत पूर्वीसारखं झालं नाही, तर मात्रा जास्त झाली. मग मागच्या पायरीवर यायचं, बंद करायचं नाही. घोटाळा होतो तो बऱ्या दिवशी. आज बरं वाटतंय म्हणून बाई सोलापुरातल्या कंबर तलावाला पूर्ण फेरी मारते, घरी येऊन धुणंही उरकते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. घाम गाळण्याच्या सल्ल्याने नेमकं हेच होतं. अशा रुग्णांचे व्यायाम घेणं हे माझं रोजचं काम आहे. ऐकीव लिहीत नाही.

ताकदीचे व्यायामही लेखात होते, तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. बसताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, त्यानेच दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतं. म्हणून खुर्चीवर आपली सोलापुरी चादर चार-सहा घड्या करून ठेवायची, म्हणजे कमी खाली जावं लागतं. दोन-तीन आठवडे नीट गेले की एक घडी कमी.

मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांनी अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवून खांदे पाच वेळा मागे फिरवावेत, श्वास न रोखता. तुम्हाला हेही लाड वाटतील. त्यांना सांगणं मी थांबवणार नाही.