मोल्डमधल्या वाळूला गणित लागू पडतं

कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, जिथं म्हणून फाउंड्री, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवायचा कारखाना, आहे तिथल्या लोकांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, वाळू म्हणजे घट्ट पाणीच, वरून दाब दिला की तळापर्यंत पोचतो. दाबली की ती फक्त आकसते. आणि कोट्यवधी कणांचा हिशेब कुणालाच जमत नाही, म्हणून मोल्डिंगचं, म्हणजे वाळू ठासून मोल्ड (साचा) बनवण्याचं, कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन थोतांड, खरा फक्त कारागिराचा हात. हाताचं मोल मलाही मान्य आहे. बाकीचं चूक आहे, आणि त्यापायी कास्टिंग (ओतलेले भाग) भंगारात जातात, म्हणून लिहितोय.

आधी पाण्याचं. टाकीतल्या पाण्यावर वरून दाब दिला तर तो तळाशी जसाच्या तसा उतरतो. वाळूचे कण मात्र एकमेकांवर रेलतात, भिंतीला घासतात आणि बराचसा भार वाटेतच भिंतीवर टाकतात. यान्सन नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९५ मध्ये धान्याच्या उंच कोठारांसाठी हे सूत्रात बसवलं. तेच पॅटर्नमधल्या, म्हणजे ज्यावर वाळू ठासून मोल्ड बनतो त्या नमुन्यातल्या, खोल पॉकेटला (खळग्याला) लावा. व्यास ५० मिलिमीटर, भिंतीशी घर्षणाचा गुणांक ०.५, आणि उभ्या दाबाच्या ०.४ पट दाब आडवा जातो असं धरा. १२५ मिलिमीटर खाली वरच्या दाबाचा जेमतेम १३-१४ टक्के भाग उरतो.

आमच्याकडे पंपाच्या बॉडीचं एक कास्टिंग नेमकं अशाच जागी फुगायचं. महिनाभर आम्ही मेटलला दोष देत होतो. मग एकदा पॅटर्न उचलल्यावर पॉकेटमधल्या वाळूच्या टोकाला हार्डनेस टेस्टर टेकवला. मोल्डच्या पाठीवर ९०च्या आसपास जाणारा काटा तिथं ५५वर थांबला. बोटानं दाबलं तर खळगा पडला. ठासणारे मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "साहेब, वरनं कितीबी दाबा, खाली पोचतच न्हाई. पॉकेट आधी हातानं ठासाय पायजे." हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. मेसेज ज्या हाताची बाजू घेतो, तो हात आणि यान्सनचं सूत्र एकच गोष्ट सांगत होते.

दाबली की आकसते, हे सैल वाळूपुरतं खरं. मऊ प्लास्टिकच्या बाटलीत वाळू ठोकून ठोकून घट्ट भरा, वरून काठोकाठ पाणी घाला, बुचात पारदर्शक नळी बसवा आणि बाटली बाजूंनी दाबा. नळीतलं पाणी वर चढेल असं वाटतं, पण ते खाली उतरतं. घट्ट बसलेल्या कणांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं, मधल्या फटी वाढतात आणि पाणी आत ओढलं जातं. ऑसबोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं हे १८८५ मध्येच दाखवलं होतं. गणपतीपुळ्याला ओल्या वाळूवर पाय टेकल्यावर भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती यामुळेच. पुढे १९५८ मध्ये केंब्रिजच्या रोस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी दोन्ही गोष्टी एका चौकटीत आणल्या: सैल वाळू आकसत आणि घट्ट वाळू फुगत, पुरेशी घसरल्यावर त्याच दाबाखाली दोन्ही एकाच घनतेला येतात. वाळू पाण्यासारखी वागते असाही एक प्रसंग आहे, पाण्यानं भरलेली सैल वाळू भूकंपात हादरते तेव्हा. १९६४ मध्ये जपानच्या निगातामध्ये अख्ख्या इमारती अशा कलल्या.

राहिला कणांचा हिशेब. पाव मिलिमीटरचे कण धरले तर एक किलो वाळूत ते साडेचार कोटींच्या घरात जातात. सगळे मोजता येणार नाहीत, ही मेसेजची गोष्ट बरोबर. पण पाण्याचे रेणू तरी कोण मोजतं? कूलोंब या फ्रेंच इंजिनिअरनं १७७३ मध्ये कण न मोजताच नियम मांडला: माती किंवा वाळू घसरायला लागणारा ताण म्हणजे चिकटपणा, अधिक दाब गुणिले घर्षण. आपल्या मोल्डिंग वाळूत चिकटपणा बेंटोनाइट ही चिकणमाती देते, घर्षण कण देतात. कणाकणाचं गणितही होतं, कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये त्याची पद्धत घालून दिली. पूर्ण मोल्डसाठी त्यात कण खऱ्यापेक्षा मोठे धरावे लागतात, आणि त्यानं उत्तरात फरक पडतो. ही मर्यादा खरी आहे.

आकडे शिळे असले तर मात्र कुठलंही मॉडेल चुकणार. ओलावा एक टक्क्यानं हलला तरी वाळूची ताकद बदलते. म्हणून आम्ही त्याच दिवशीच्या वाळूचा ओलावा आणि ताकद मोजून आकडे भरतो, आणि कुठली पॉकेटं आधी तपासायची ते मामांना विचारतो.