काचा बंद करून रात्रभर हीटर लावू नका

‘बर्फातल्या ड्रायव्हिंगचे पाच मंत्र’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. तिन्ही वेळा मी तो न वाचताच सोडून दिला. परवा तोच मेसेज भाचीने पाठवला. तिचा हा बर्फातला पहिलाच हिवाळा, आणि गाडी हातात येऊन जेमतेम चार महिने झालेत. खाली तिने लिहिलं होतं, ‘मामा, पाचवा मुद्दा लक्षात ठेवलाय. गाडीत ब्लँकेटही टाकून ठेवलंय.’ मग मी तो शेवटपर्यंत वाचला आणि लगेच तिला फोन लावला.

पाचवा मुद्दा असा आहे: ‘बर्फात अडकलात तर घाबरू नका. गाडी सोडून पायी निघू नका. सगळ्या काचा घट्ट बंद करा, हीटर लावा, इंजिन रात्रभर चालू ठेवा आणि मदत येईपर्यंत निवांत झोपा.’

या सल्ल्याने माणसं मरतात. गाडी उभी राहिली की तिच्याभोवती बर्फ साचत जातो. सायलेन्सरचं तोंड जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर असतं, जोरदार बर्फ पडत असेल तर ते बुजायला फार वेळ लागत नाही. धुराला मागून वाट मिळेनाशी झाली की तो गाडीखाली कोंडतो आणि फटींमधून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला वाटतं, झोप येतेय. आणि मेसेज म्हणतो, झोपा!

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्यांची रांग अडकली आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांमध्येच गेली. त्यांत लहान मुलंही होती. काहींचा जीव थंडीने गेला, तर काहींचा गाडीत कोंडलेल्या विषारी वायूने, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

मग करायचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा सल्ला मी भाचीला शब्दाशब्दाने लिहून घ्यायला लावला. इंजिन तासाला साधारण १० मिनिटंच चालवायचं. त्याआधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा. वारा ज्या बाजूने येतोय तिच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवायची. इंजिन चालू असताना आतला दिवा लावायचा, म्हणजे शोधणाऱ्यांना गाडी दिसते. आणि सायलेन्सर मोकळा केला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण बर्फ पडतच असतो. पुढच्या तासाला पुन्हा उतरायचं, पुन्हा उकरायचं. म्हणून ब्लँकेटच्या शेजारी एक छोटं फावडं हवं. गाडी सोडून पायी निघू नका, एवढं एक वाक्य त्या मुद्द्यात बरोबर आहे. तेवढंच.

चौथा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा म्हणूनच लोक त्याला फसतात. ‘गाडी घसरली की करकचून ब्रेक दाबा, एबीएस सांभाळून घेईल.’ समोर अचानक काही आलं तर एबीएसच्या गाडीत ब्रेक जोरात दाबून धरायचा, पायाखाली थरथर जाणवली तरी सोडायचा नाही, हे मान्य. पण एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही, म्हणजे गाडी वळवता येते. गाडी लवकर थांबवण्याची हमी तो देत नाही. भुसभुशीत बर्फावर तर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. आणि वळणावर मागची बाजू सरकायला लागली असेल तर ब्रेक नकोच. ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, जिकडे जायचंय तिकडे बघा, स्टिअरिंग हलक्या हाताने तिकडेच वळवा.

‘फोर व्हील ड्राइव्हला बर्फाची भीती नाही.’ भीती आहे. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी जागची हलते, चढ चढते. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना फोर व्हील ड्राइव्ह काही जास्तीचं देत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय की बर्फाळ रस्त्यावर थांबायला दहापट अंतर लागू शकतं. ताशी ४८ किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर हे अंतर २३ मीटर धरतात. त्याची दहापट करा आणि मग पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं ते ठरवा.

‘टायरमधली हवा निम्मी करा.’ खोल, मऊ बर्फात रस्ता सोडून जाणारे लोक हवा थोडी उतरवतात, त्यावरून कुणीतरी हे उचललंय. रस्त्यावर हे करू नका. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरची हवा तशीही साधारण १ पीएसआयने कमी होते. दाराच्या चौकटीवर कंपनीने दिलेला आकडा असतो, तेवढी भरा.

‘काचेवर उकळतं पाणी ओता.’ गारठलेल्या काचेला तडा जातो. खरवडून काढा, आणि डोळ्यांपुरती खिडकी करून निघू नका, सगळी काच साफ करा.

ज्या गोष्टीने नवे लोक सर्वांत जास्त फसतात तिचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. डांबरावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा धरतो आणि रस्ता नुसता ओला दिसतो. पुलावर तो आधी धरतो, कारण तिथे वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. ओल्या रस्त्यावर टायरचा जो चरचर आवाज येतो तो एकाएकी थांबला आणि स्टिअरिंग हातात हलकं लागलं, की समजा बर्फावर आहात. तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही. पाय अलगद उचलायचा आणि गाडी सरळ जाऊ द्यायची.

भाचीने तो मेसेज आधीच नऊ जणांना पाठवला होता. काल तिने एकेकाला फोन करून पाचवा मुद्दा खोडायला लावला. दोघांनी अजून फोन उचललेला नाही.