खुलासा: कांदा-डाळिंबाने अंडाशयाचा कॅन्सर बरा होत नाही

‘रोज कच्चा कांदा आणि डाळिंबाचा रस घ्या, अंडाशयाच्या कॅन्सरची गाठ विरघळते, केमोची गरज नाही’ हा मेसेज सोलापुरात महिला बचत गटांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे.

त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो. कांद्यात क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणारं एक नैसर्गिक द्रव्य असतं, तेही बाहेरच्या पाकळ्यांत जास्त. सालाबरोबर आपण त्या जाड पाकळ्याही काढून टाकतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत क्वेर्सेटिनने अंडाशयाच्या कॅन्सरपेशींची वाढ रोखलेली दिसते. पण तिथली मात्रा जेवणातून रक्तात पोहोचत नाही. आतडं आणि यकृत त्याचं रूप झटपट बदलून टाकतात.

अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत (२०१४) फ्लॅव्होनॉल (क्वेर्सेटिन ज्या गटात मोडतं ती द्रव्यं) आहारातून जास्त घेणाऱ्या बायकांत हा आजार थोडा कमी आढळला. तो निव्वळ संबंध होता, उपचार नव्हे.

डाळिंब जरूर खा, आपल्याच मातीतलं आहे. मात्र पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी हे काही आठवडे टिकलं तर ताई, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरू असलेली केमो रसासाठी थांबवू नका.