‘उपासनेत हिशेब कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, पण उत्तर द्यायला आठवडा घेतला. तिच्यात राग आहे आणि काळजीही आहे. तीस वर्षं मंडळीचे पंच म्हणून राबलेल्या माणसाच्या मनात मंडळीबद्दल कळवळा असणारच, म्हणून घाईत काही लिहावंसं वाटलं नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या लेखात मी लिहिलं होतं की भावाचा बांध कोरून, मजुराची मजुरी अडकवून किंवा खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करून माणूस रविवारी प्रभूच्या मेजापुढे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायच्या प्रभुभोजनाला, गुडघे टेकतो, तेव्हा त्याची उपासना बाहेरून कितीही शिस्तीची दिसली तरी तिच्यात देवाचं भय नसतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: उपासना देवाची असते, तिच्यात माणसांचे हिशेब आणू नका. हल्लीची मुलं मोबाइल घेऊन चर्चमध्ये बसतात, ढोलकी बडवतात, त्यावर मी एक ओळ लिहीत नाही. प्रभूचं मेज पाप्यांसाठी आहे, शुद्ध माणसांचीच वाट पाहिली तर ते रिकामंच राहील. सामाजिक न्यायाचं हे नवं खूळ मी उपासनेत घुसवतो आहे. मंडळीतल्या भानगडी चारचौघांत मांडून मी ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लावतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंत: ‘तुम्ही स्वतः कोणत्या तोंडाने प्याला हाती घेता?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. टाळणार नाही.

मोबाइलचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. गेल्याच महिन्यात पाळकसाहेब भाकर मोडत होते आणि पहिल्या बाकावरचा एकजण उभा राहून व्हिडिओ काढत होता. मागे बसलेल्या बाईंना भाकर दिसली ती त्याच्या स्क्रीनवर. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि मी उठून त्याला खाली बसवलं नाही याचंही वाईट वाटलं. पुढच्या पंचकमिटीत हा विषय मी मांडणार आहे. तुम्ही लिहिलं नसतंत तर कदाचित राहून गेलं असतं.

आदराचं मोल मला कळत नाही असं मात्र समजू नका. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळीची. रविवारी ओट्यावर वहाणा काढून आत गेली की आशीर्वचन होईपर्यंत तिच्या तोंडून गीताशिवाय शब्द निघत नसे. कापणीच्या सणाला द्यायची ज्वारी ती दोन दिवस आधी सुपात घेऊन बसायची. खडा, किडका दाणा, फुटका दाणा, सगळं बाजूला. मी एकदा म्हणालो, लिलावात जाणार ती, कोण बघतंय? ती म्हणाली, “आपण बी म्हणून राखून ठेवतो ना, त्यातलंच द्यायचं.” बायबलमधल्या मलाखीच्या पहिल्या अध्यायात देव याजकांना हेच विचारतो. आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणता. ते तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बरं, तो घेईल का? आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. हा अध्याय तिने कानांनी ऐकला होता आणि सुपात उतरवला होता.

ढोलकीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, यरुशलेमेत आणताना दावीद राजा तागाचं एफोद, म्हणजे याजकी वस्त्र, नेसून सगळ्या जोराने नाचला. खिडकीतून ते पाहून त्याला तुच्छ लेखणारी त्याची बायको मीखल होती. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली म्हणून तर आपल्या खेड्यातल्या आज्यांना ती तोंडपाठ झाली. प्रकटीकरणात स्वर्गात आधी मोठ्याने जयघोष होतो आणि मग आठव्या अध्यायाच्या आरंभी सुमारे अर्धा तास शांतता पसरते. दोन्ही तिथे आहे. आपल्या चर्चमध्येही दोन्हीला जागा असायला हवी. याहून जास्त या विषयावर मला म्हणायचं नाही.

आता मूळ मुद्दा. उपासना देवाची, तिच्यात माणसांचे हिशेब कशाला?

हिशेब आणणारा मी कोण? देवच आणतो. आमोसाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या सारंग्यांचा नाद मी ऐकणार नाही. गाणारे बेसूर होते म्हणून हे बोलणं नाही. त्याच अध्यायात कारण सांगितलं आहे: गरिबाला तुडवणं, त्याच्याकडून धान्य उकळणं, लाच खाणं, वेशीवर त्याचा न्याय बुडवणं. उपासना चालू होती, अर्पणं येत होती, सण पाळले जात होते, आणि देवाला ते सगळं नकोसं झालं होतं.

तुम्ही म्हणाल, हा जुना करार झाला. म्हणून प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राकडे येतो, आणि इथे जरा थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं याच जागेवर उभं आहे. प्रभूच्या मेजाचा अनादर कसा होतो हे नव्या करारात कुठे सविस्तर सांगितलं असेल तर ते पहिल्या करिंथकरांसच्या अकराव्या अध्यायात. अयोग्य प्रकारे भाकर खाणं आणि प्याला पिणं, स्वतःवर दंड ओढवून घेणं, हे शब्द आपण दर महिन्याला ऐकतो. ते इतक्या वेळा ऐकलेत की त्यांच्या आधी काय लिहिलं आहे ते डोळ्यांपुढून निसटतं. ही मंडळी घरांत जमायची. प्रभुभोजन खरोखरच्या जेवणाबरोबर व्हायचं. ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आपापलं आधीच खाऊन घ्यायचे. पौल लिहितो, एक भुकेला राहतो तर दुसरा पिऊन तर्र होतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं तो विचारतो. कोणी कसं बसलं, कोणी डोकं झाकलं नाही, कोणाचं लक्ष इकडेतिकडे होतं, यातलं काहीही त्या जागी नाही. डोकं झाकण्याचा विषय त्याच अध्यायात आधी येऊन गेला आहे, पण दंडाची भाषा पौल तिथे वापरत नाही. ती त्याने राखून ठेवली भुकेल्या भावासमोर पोटभर खाणाऱ्यासाठी.

पुढे तो म्हणतो, प्रभूचं शरीर न ओळखता जो खातो-पितो तो दंड खातो-पितो. शरीर म्हणजे भाकर, हे आपण शिकलो. पण याच पत्राच्या पुढच्या अध्यायात तो मंडळीलाच ख्रिस्ताचं शरीर म्हणतो. माझी समजूत अशी की शेजारच्या बाकावर उपाशी बसलेला माणूस ज्याला ओळखू आला नाही, त्याने भाकर कितीही वाकून घेतली तरी ती ओळखून घेतली नाही.

मेज पाप्यांसाठी आहे हे तुमचं वाक्य मी अक्षरशः मान्य करतो. ते तसं नसतं तर मी तिथे कधीच गेलो नसतो. पौलही ‘येऊ नका’ म्हणत नाही. तो म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. पण पापी असणं आणि लुटीचा माल बगलेत दाबून येणं यांत फरक आहे. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी प्रभू आपणहून गेला, काही अट न घालता गेला. त्याच घरात जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धं धन गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. कृपा घरात आली म्हणून त्याने वह्या उघडल्या. त्या मिटून ठेवायला कृपा कधीच सांगत नाही.

आणि यात नवं खूळ काय आहे? जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे: फसवून घेतलेलं पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पण आणायचं त्याच दिवशी ते मालकाच्या हाती द्यायचं. अँग्लिकन चर्चच्या १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातही पाळकाला आज्ञा आहे. ज्याने शेजाऱ्यावर उघड अन्याय केला आहे त्याने पश्चात्ताप आणि भरपाई केल्याशिवाय, निदान तशी तयारी दाखवल्याशिवाय, त्याला मेजाजवळ येऊ देऊ नये. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात अँग्लिकन मंडळ्याही आल्या. म्हणजे हा वारसा तुमच्या-माझ्या घरातलाच आहे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं प्रभूचं बोलणं तुम्हाला पाठ असेल. अर्पण वेदीजवळ आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तसंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे तो गालीलातल्या लोकांना सांगत होता. वेदी होती यरुशलेमेत, शंभरावर किलोमीटर दूर, पायी तीन दिवसांची वाट. म्हणजे जनावर वेदीपाशी बांधून ठेवायचं, तीन दिवस चालत गावी जायचं, भावाचे पाय धरायचे आणि पुन्हा तीन दिवस चालत यायचं. देव तेवढा वेळ आपली उपासना अडवून धरायला तयार आहे. आपल्या भावाचं घर तर बहुतेक वेळा त्याच गल्लीत असतं.

चारचौघांत मांडण्याबद्दल. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीकात दंगल झाली, जमावाने सैन्याच्या अधिकाऱ्याला ठार मारलं आणि सम्राट थिओडोशियसने सूड म्हणून शहरातल्या लोकांची कत्तल करवली. जुन्या इतिहासकारांपैकी थिओडोरेट सात हजारांचा आकडा देतो. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून कळवलं की तुम्ही हजर असाल तर मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. सम्राटाने सगळ्या मंडळीसमोर पश्चात्ताप केला, काही महिने मेजापासून दूर राहिला आणि नाताळात त्याला पुन्हा घेतलं गेलं. त्या काळी झाकून ठेवणं किती सोपं होतं! तो ख्रिस्ती सम्राट होता आणि मंडळीला त्याचा आधार होता. ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लावला तो कत्तलीने. अँब्रोजच्या पत्राने त्याचं नाव राखलं. तरीही तुमच्या म्हणण्यातलं एक घेतो: गेल्या लेखात जमिनीच्या भांडणाचं उदाहरण मी इतक्या तपशिलाने दिलं की आमच्या भागातल्या कोणालाही ते कुटुंब ओळखू यावं. ते चुकलं. तो परिच्छेद मी काढला आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. चर्चचे पत्रे गळत होते, म्हणून छतासाठी वेगळा निधी गोळा केला होता. त्याच हिवाळ्यात संजीवन सभा ठरल्या. मांडव, पाहुण्या वक्त्यांचं राहणं-जेवण, ध्वनिक्षेपक यांचा खर्च वाढत गेला आणि छतनिधीतले तेवीस हजार रुपये तिकडे गेले. वार्षिक हिशेबात ते ‘छत दुरुस्ती’ म्हणून लिहिले. आम्ही चौघांनी सह्या केल्या. माझी सही पहिली होती. पैसा देवाच्याच कामाला लागला ना, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

छतनिधीत एका मावशींचे दोनशे रुपये होते. विधवा बाई, कांदा काटायला जायच्या. चार घड्या घातलेली नोट त्यांनी माझ्या हातात दिली होती. त्यांची जागा खिडकीजवळ, तिसऱ्या बाकावर, आणि नेमकं तिथेच गळायचं. पावसाळा लागला तशी त्यांच्या बाकाशेजारी प्लॅस्टिकची बादली आली. जुलैतल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. पापांगीकारानंतर शांत प्रार्थना सुरू झाली. तुम्हाला हवी तशी शांतता होती, कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि त्या शांततेत बादलीत पडणारा थेंब सगळ्या चर्चला ऐकू येत होता. मग प्याल्यांचं तबक घेऊन मी बाकांमधून निघालो. तिसऱ्या बाकाशी आलो. मावशींनी पदर सावरला, प्याला घेतला आणि ‘आमेन’ म्हणाल्या. मार्काच्या बाराव्या अध्यायात विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांची गोष्ट आधी येते आणि लगेच पुढे दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा येते. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी का आहेत ते मला तबक हातात असताना कळलं.

त्या दिवशी मी प्याला घेतला नाही. सोमवारी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याबरोबर प्रार्थना केली आणि म्हणाले, हिशेब सगळ्यांपुढे वाचला होता, दुरुस्तीही सगळ्यांपुढेच वाचायला हवी. बाकीच्या तिघांपैकी दोघांनी तेच म्हटलं जे तुम्ही म्हणता: चारचौघांत कशाला? महिनाभर बोलणी चालली. शेवटी चौघांनी मिळून तेवीस हजार भरले, वर पाचवा हिस्सा घातला, आणि मी पुलपिटाखाली उभं राहून खरा हिशेब वाचला. पाय कापत होते. उपासना सुटल्यावर मावशी ओट्यावर थांबल्या होत्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, “सांगितलंस ते बरं केलंस. आता पत्रे कधी टाकता?”

पोळ्याच्या आत पत्रे बसले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळपासून पाऊस होता. शांत प्रार्थनेत वर पत्र्यावर तो जोरात वाजत होता आणि आत कुठेही ठिबकत नव्हतं. तबक दुसऱ्या कोणाच्या हाती होतं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी भाकर घेतली आणि प्याला घेतला.