नदीकाठची माती राहू द्या

आज सकाळी डोकंच फिरलं. नाशकातल्या नवश्या गणपतीच्या देवळाखालून नदीकाठाने जी पायवाट जाते ना, तिथे जेसीबी उभा, निर्गुडीची झुडपं उपटून ढीग घातलेला आणि पेव्हर ब्लॉकचा ट्रक रिकामा होतोय. विचारलं तर म्हणे सुशोभीकरण. अरे, कोणी मागितलं होतं हे?

वर गंगापूर रोडला हॉर्न, सिग्नल, डबल पार्किंग, आणि जरा खाली उतरलं की नुसता पाण्याचा आवाज. आमचे अण्णा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत चालायला लागले ते इथेच. घरासमोरच्या फुटपाथवर पेव्हर वरखाली झालेत, तिथे अडखळून पडले तेव्हापासून दाराबाहेर पडायलाच घाबरायचे. इथे मातीवर पाऊल नीट टेकायचं, हळूहळू काठी नुसती हातात राहायला लागली. उंबराखाली थांबायचं, खंड्या सूर मारून मासा आणतो आणि फांदीवर आपटून आपटून गिळतो ते बघायचं, मग पुढे.

बरं, ती फरशी टिकणार तरी आहे का? गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की गंगा, म्हणजे आपली गोदावरी, कुठवर येते हे नाशकात लहान पोरालाही माहितीये, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली हे आपण एकमेकांना फोन करून विचारतो. २०१६ च्या ऑगस्टचा पूर विसरले का सगळे? काठाची माती मुळं धरून ठेवतात, तीच उपटली की खालची माती वाहून जाणार आणि फरशी खचणार. अहो, गंगापूर धरण मातीचं आहे, आणि यांना एक पायवाट मातीची चालत नाही!

लाईट हवेत, मान्य. संध्याकाळी बायकांना एकटीने चालायला भीती वाटते, खरंय. लावा की चार खांब. पण आधी नदीत येणारं गटारीचं पाणी बंद करा, जलपर्णी काढा, २०२७ च्या कुंभासाठी खर्च करायचाच आहे तर यावर करा ना.

फार चिडून लिहितोय, कळतंय मला. पण घरी आल्यावर अण्णांनी पहिलं विचारलं, "उंबर ठेवलाय ना?" ठेवलाय. बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा करायला चुन्याची रेघ मारून ठेवलीये, ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

उद्या लेखी अर्ज देतोय, वाट मातीचीच ठेवा आणि उंबराला ओटा नको, एवढंच. सही करायची असेल त्यांनी सकाळी साडेसहाला देवळापाशी या. गाड्या वरच लावा.